आखाजी ते आखाजी

समाधानने चार माणसांत मला ओळख दिली नाही. माझ्या पोटचा पोरगा, शेंडेफळ, नऊ महिने आणि वर बारा दिवस तंगवून आलेला. आणि कंपनीच्या साहेबाने "या कोण?" म्हणून विचारलं तर डोक्यावरची पिवळी टोपी सारखी करत म्हणतो, "गावातली लेबर आहे, सर. निंदणीवाल्या बाया."

लेबर म्हणाला याचं मला काही नाही. चाळीस वर्षं निंदणी केली, कापूस वेचला, त्यावर घर उभं केलं, याला चाळीसगावला आयटीआय शिकवलं. पण सकाळी जिच्या हातची भाकर खाऊन कामावर आला, तिच्याकडे बोट करून "गावातली" म्हणायचं? गावात म्हशीही असतात.

बेबाबाई माझ्या मागे उभी होती. तिने माझ्या पाठीत बोट खुपसलं. "अक्का, बोल ना."

मी म्हटलं, थांब. बोलायलाही वाफसा लागतो, चिखलात पेरलेलं उगवत नाही.

आमचं गाव चाळीसगावहून धुळ्याला जाताना डाव्या हाताला आत. गावाच्या वर बर्डी आहे, म्हणजे मुरमाड, उंच रान. तिथे कापूस व्हायचा, ज्वारी व्हायची. तीन वर्षांपूर्वी त्या बर्डीवर सोलर आलं. आता सगळीकडे निळ्या प्लेटा, ओळीने, आकाशाकडे तोंड करून. जमीनवाल्यांना बसल्या जागी दर वर्षी भाडं येतं. त्यांनी कागद केला, चांगलं केलं, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण त्याच बर्डीवर माझी चौदा बायांची टोळी पेरणीपासून वेचणीपर्यंत राबायची. आम्ही कुठल्याच कागदात नव्हतो. सातबाऱ्यावर खुरप्याचं नाव कोण चढवतो?

कोणी म्हणेल, म्हातारीच्या डोळ्यांत सोलर खुपतंय. तसं बिलकूल नाही. माझा माणूस अभिमन रात्रीच्या लाइटवर पाणी द्यायला गेला आणि साप चावून गेला. तेव्हा शेताला लाइट रात्रीचीच मिळायची. आता सोलरमुळे दिवसा मोटर चालते, माणूस बघून पाय टाकतो. प्लेटा आल्या याचा मला आनंदच झाला. फक्त अकरा वर्षं उशिरा आल्या.

आणि ऊन तर बघताच आहात. वैशाख लागायच्या आधीच अंगाची भाजी होते. पाऊस यायचा तेव्हा येत नाही, बोंडं फुटली की मग येतो आणि वेचायचा कापूस काळा करून जातो. आधी वर्षाचे आठ महिने हाताला काम असायचं, आता पाच मिळाले तर पुष्कळ. मागच्या साली ताईबाई निंदता निंदता बांधावर बसली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला उष्माघात. ती माझ्या टोळीची सगळ्यात जुनी बाई. तेव्हा मला कळून चुकलं, आता शेताच्या भरवशावर राहिलो तर एकेक करून सगळ्या बांधावर बसू. काम मागायला पाहिजे, आणि ते बर्डीवरच मागायला पाहिजे, कारण तिथलं आमचं गेलं होतं.

म्हणून त्या दिवशी आम्ही गेलो होतो. साहेबाचं नाव रोनक. जळगावचा, मेहरूणकडचा, जैनांचा पोरगा. वागायला गोड. त्याने आम्हाला पाणी दिलं, सावलीत उभं केलं आणि म्हणाला, "मावशी, इथे स्किलवाल्यांचं काम असतं. गवत कापायला आम्ही मशीन मागवलंय. कधी गरज पडली तर समाधान तुम्हाला बोलावेल."

"मशीन कसं कापतं?" मी विचारलं.

"पुढे एक दोरी गरगर फिरते. सपासप."

"दादा, ही बर्डी आहे. मातीपेक्षा इथे खडे जास्त. तुमची दोरी गवत कापेल आणि खडे उडवेल. वर तुमची काच आहे."

समाधान हसला. साहेबाला ऐकू जाईल असा हसला. "सर, आमच्या गावात बिनशिकलेले इंजिनिअर फार."

मी परत आले. घरी आल्यावर त्याला जेवायला वाढलं, पण पोळीवर तूप घातलं नाही. त्याला कळलं. कोरडीच खाल्ली.

आता एक गोष्ट सांगते. बहात्तरच्या दुष्काळात मी सात-आठ वर्षांची होते. दुसरीत होते, तिथेच शाळा सुटली. माझी माय खडी फोडायचं काम मागायला गेली, मी तिच्या लुगड्याला धरून. कारकून म्हणाला, नाव लिहून जा, गरज पडली की बोलावू. माय म्हणाली, "भाऊ, भूक काही बोलावल्यावर येत नाही," आणि तिथेच फतकल मारून बसली. संध्याकाळी बसली, सकाळीही तिथेच. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात हातोडी आली. तेव्हापासून "गरज पडली की बोलावू" हे वाक्य कोणी बोललं की मला मायची ती हातोडी आठवते.

मशीन आलं. समाधानने परगावची दोन पोरं आणून त्यांच्या पाठीवर ते बांधलं. घरी दोन दिवस फुशारकी चालली होती, "माय, तुमच्या टोळीचं महिन्याचं काम चार दिवसांत." तिसऱ्या दिवशी घरी आला तो तोंड पाडून. नऊ प्लेटा टिचल्या होत्या. पापड हाताने दाबावा तशी काचेला जाळी पडली होती. बर्डीवर लहानपणी गुरं वळली याने, अनवाणी चालून तळपाय सोलून घेतले, आणि तिथे खडे असतात हे टोपी घातल्यावर विसरला.

गवत मात्र तसंच होतं. तुम्हाला वाटेल उन्हाळ्यात कसलं गवत. प्लेटा धुवायला टँकरने पाणी आणतात. ते ओघळून खालच्या कडेला पडतं, तिथे भर वैशाखात हरळी हिरवीगार. आणि ओळींच्या मधे मागच्या पावसाचं वाळलेलं, कमरेएवढं. खालून वायरी गेलेल्या. एक ठिणगी पडली तर अख्खी बर्डी होळीसारखी पेटेल. त्यातच कळलं की ज्यांनी या सोलरला पैसे लावलेत ते लोक मुंबईहून बघायला येणार आहेत. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चारला.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्या खानदेशात दिवाळीपेक्षा मोठी. सासरच्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, खापरावरचे मांडे आणि आमरस. सकाळी पितरांची घागर भरायची, दुपारी घरच्या पुरुषाने विस्तवावर घास टाकायचा. त्याला आम्ही आगारी म्हणतो. त्या दिवशी बैलालाही कोणी जुंपत नाही.

आणि आखाजीच्या आदल्या संध्याकाळी माझा हा सुपरवायझर दारात उभा राहून म्हणतो, "माय, उद्या सकाळी सातला तुझ्या चौदा बाया घेऊन गेटवर ये. गवत काढायचंय. डबल रोज देतो."

माझी लेक पुनम दीपनगरहून दुपारीच आली होती. ती कैऱ्या चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. "अरे, उद्या आखाजी आहे."

"मला कॅलेंडर कळतं गं. इमर्जन्सी आहे."

"बाबांची आगारी?"

"येतो ना दुपारून. अर्धा तास."

पुनम बोलणारच होती, मी तिला डोळ्याने दटावलं. समाधानला म्हटलं, "येऊ."

तो गेल्यावर मी टोळी जमवली. बेबाबाई तर उसळलीच. "अक्का, आखाजीले कोन्ही खुरपं धरस का? याड लागनं का तुले? मन्या दोन्ही आंडेरी येयेल शेतस."

"लेकींनाही घेऊन ये."

"त्यांना कशाला?"

"बघायला. आणि खुरपं घे. धरू नको, कमरेला खोच."

मग मी त्यांना माझ्या मनातलं सांगितलं. ऐकता ऐकता बेबाबाईचं तोंड उघडं राहिलं, मग ती पदर तोंडात कोंबून हसायला लागली. रूपा तेवढी हसली नाही. रूपा माझ्या टोळीतली सगळ्यात लहान, ताईबाईच्या जागी आलेली, बारावी झालेली, बाप नाही. ती म्हणाली, "अक्का, बाया कधी सालाने लागतात का?"

"आजपर्यंत नाही लागल्या."

सकाळी उजाडायच्या आत मी अभिमनची घागर भरली. मातीची नवी घागर, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा. त्याला म्हटलं, तुझा पोरगा कामावर गेलाय, तुझा घास थोडा उशिरा येईल, रागावू नको. मग निघाले.

गेटवर आम्ही तीस जणी होतो. चौदा माझ्या, बाकी माहेरवाशिणी, हाताला मेंदी, नवी लुगडी, कोणाच्या कडेवर लेकरू. गेटबाहेर एक निंब आहे, त्याच्या सावलीत बसलो. दोघींनी फांदीला दोर टाकून झोका बांधला आणि गाणी सुरू केली.

समाधान धावत आला. "बसलात काय? ऊन चढतंय. चला आत."

मी म्हटलं, "समाधान, आज आखाजी शे."

"मग? तूच काल येऊ म्हणालीस ना?"

"आले की. आखाजीला कोणी काम करत नाही बाबा. आखाजीला काम ठरवतात."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण त्याला हे माहीत होतं. त्याचा बाप एकोणीस वर्षं धनसिंग पाटलाकडे सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाचा गडी, या आखाजीपासून त्या आखाजीपर्यंत. दर आखाजीला पाटलाच्या ओट्यावर सगळं तोंडी ठरायचं. धान्य किती, धोतर किती, पायताण, घोंगडी, सुट्या कोणत्या. दोन साक्षीदार बसायचे, सुपारी फुटायची. एकदा सुपारी फुटली की वर्षभर पाऊस पडो न पडो, पाटील गड्याला काढू शकत नव्हता. मी भिंतीआडून ऐकायची. बायांचं मात्र कधी सालाने ठरलं नाही. बाई रोजाने. आज ये, उद्या नको.

"आम्ही चौदा जणी," मी म्हटलं, "आखाजी ते आखाजी. तुझ्या साहेबाला बोलाव."

"माय, हे असं कंपनीत नसतं गं," तो दबक्या आवाजात म्हणाला. मग आवाज चढवून, "जमत नसेल तर जा घरी! मला दुसऱ्या बाया मिळतील."

"आण."

आणि तो फोन घेऊन बाजूला गेला. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. एक गाव झालं, दुसरं झालं, तिसऱ्या गावच्या टोळीवाल्या प्रमिलाबाईने तर फोनवरच त्याला धुतलं. तिचा आवाज निंबापर्यंत आला, "भाऊ, तू खानदेशचाच ना? का विमानातून पडलास?" झोक्यावरच्या पोरी हसून हसून खाली यायच्या बाकी होत्या. अख्ख्या धुळे-जळगावात त्या दिवशी खुरपं धरणारा एक हात मिळाला नसता. आखाजीला मजूर आणायला निघालेला पहिला माणूस माझ्या पोटी निपजला.

दहा वाजता रोनक साहेब गाडीतून उतरला. रुमालाने मान पुसत आमच्यापुढे उभा राहिला. "मावशी, काय प्रॉब्लेम आहे?"

"प्रॉब्लेम तुमचा आहे दादा, उद्या चारला. आमचा सण चाललाय. बसा."

तो खरंच बसला, दगडावर. हे मला आवडलं. मी त्याला सालाची रीत सांगितली. तो म्हणाला, "पण मावशी, आमच्या पॉलिसीत बायकांना वर्षभर ठेवायचं नाहीये."

"गेटवर कुत्रं आहे ते?"

"ते... सिक्युरिटीचं."

"रोजाने ठेवलंय का? भुंकलं त्या दिवशी भाकर?"

बेबाबाई म्हणाली, "बिस्किटं देतात त्याला. मी पाहिलंय."

साहेबाला हसू आलं, ते त्याने रुमालात घेतलं. मग म्हणाला, "सांगा, काय ठरवायचं?"

मी सांगितलं. चौदा बाया, वर्षभर, पगार महिन्याच्या महिन्याला, गवत आमचं आणि प्लेटा धुणंही आमचं. मशीन ओळीत शिरणार नाही. उन्हाळ्यात तांबडं फुटायला सुरू करू आणि दहाला बंद, त्यानंतर कोणी बाईला उन्हात उभं करायचं नाही. पाणी आणि सावली कंपनीची. बाई पडली तर दवाखाना कंपनीचा. नावं कंपनीच्या कागदावर, मधे कोणी ठेकेदार नको. आणि रूपाला व पुनमला वायरी-मीटरचं काम शिकवायचं.

"पुनम कोण?"

"माझी लेक. दीपनगरला असते. जावई नवल तिथे कोळशाच्या वीजकेंद्रात कंत्राटी आहे."

पुनम पुढे झाली. "सर, तिथे सगळे म्हणतात, कोळसा आज ना उद्या बंद होणार. व्हायलाच पाहिजे, धुण्यावर राख पडते आमच्या. पण तेव्हा कंत्राटी माणसाला कोण विचारणार? घरात एकाला तरी सोलरचं यायला हवं."

साहेब बराच वेळ फोनवर बोलला. येरझाऱ्या घालत होता, मधेच गवताकडे बघत होता. समाधान त्याच्या मागे मागे. मला एकदा ऐकू आलं, "सर, यांना डोक्यावर बसवू नका. ती म्हातारी भारी डांबीस आहे." म्हातारी. बरं.

बारा वाजत आले होते. बाया चुळबुळायला लागल्या. घरी मांडे राहिलेत, पुरुष वाट बघतायत. एकजण म्हणाली, "अक्का, आठ-दहा जणींना घेतलं तरी बस की." मी म्हटलं, "मग बाकीच्या चौघी कोण, तूच बोट दाखव." खरं सांगते, भीती मलाही होती. साहेब गाडीत बसून निघून गेला असता तर चौदा घरांचा सण मी एकटीने नासवला असता.

तो आला. हातात कंपनीचा छापील कागद. "चौदा जणी, वर्षभर. वेळ तुम्ही म्हणता ती. दवाखाना मान्य. ट्रेनिंगला सध्या एकीलाच घेता येईल, गावातलीला."

पुनमने माझ्याकडे बघून मान हलवली. "रूपाला घे माय. मी बघते माझं." ते मला लागलं, पण घेतलं.

"रूपा, वाच. मोठ्याने वाच."

रूपाने वाचलं. एका ठिकाणी आलं, "कंपनीच्या गरजेनुसार काम देण्यात येईल."

"थांब. ते 'गरजेनुसार' खोडा."

"मावशी, ते फक्त लिहायची पद्धत असते."

"खोडायची पण पद्धत असते. गरज तर मलाही आहे. रोज आहे."

त्याने खोडलं, बाजूला सही केली. मग मी बोटं लुगड्याला पुसली आणि माझी सही केली. दुसरीपर्यंतची अक्षरं, एकेक उभं करावं लागतं. यशोदाबाई अभिमन सोनवणे. साहेब म्हणाला, "तुमच्या रीतीप्रमाणे साक्षीदार हवा ना? समाधान, तू कर."

समाधानने पेन घेतलं. आता मागे सरकायला जागा नव्हती. त्याने खाली मान घालून भर्रकन सही केली, पण साहेबाने खाली पूर्ण नाव लिहायला लावलं. समाधान अभिमन सोनवणे.

साहेबाने दोन्ही नावं वाचली. परत वाचली. "अभिमन? समाधान... या तुझ्या आई आहेत?"

झोका थांबला. समाधानच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी खोटं पकडलं की अशाच व्हायच्या.

"हो सर."

"मग त्या दिवशी..."

"दादा, ते राहू द्या," मी म्हटलं. "ते आमच्या घरचं आहे. तुमचं गवत उद्या चारच्या आत निघेल. पहाटे या लेकीही ओळीत उतरतील, चौदाच्या तीस आहोत." पिशवीतून सुपारी काढून मी दगडावर फोडली आणि एक तुकडा साहेबाच्या हातावर ठेवला. बाया उठल्या, दोर सोडला. सगळ्यांना घरी जायची घाई, पण एकही हलेना. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, मग समाधानकडे.

तो जवळ आला. टोपी हातात घेतली होती. "चल माय, गाडीवर सोडतो. बाबांची आगारी टाकायची राहिलीय."

मी सुपारीचा दुसरा तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आजची आगारी मी टाकणार. बाई टाकत नाही म्हणतात. बाई सालाने लागत नाही असंही म्हणत होते. तुझा बाप एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या ओट्याखाली बसला, पण तू कोणाचा म्हणून विचारलं तर मायचं नाव सांगायला त्याला कधी कागद लागला नाही. आता माझं ऐक. आजपासून तुला मी सालाने ठेवलंय, लेक म्हणून, आखाजी ते आखाजी. उद्या तांबडं फुटायला खुरपं घेऊन ये, पहिली ओळ माझ्या बाजूची, टोपी गेटवर ठेवून. साल नीट भरलंस तर पुढच्या आखाजीला बापाचा घास तुझ्या हातचा. आणि घरात तुला माय मिळेल ती रोज मिळेल. गरजेनुसार मी कोणाची माय होत नसते."